स्पोर्ट्स कार्डांचं ऑनलाइन दुकान काढायचंय? आधी पन्नास कार्डं विकून बघा

गणपतीत कुणाकडे आरतीला गेलं की प्रसाद हातात पडेपर्यंत कुणीतरी मला बाजूला घेतंच. "आमच्या चिरंजीवांकडे दोन-तीन हजार कार्डं साठलीत. ऑनलाइन दुकान काढायचं म्हणतोय. काढू दे का?" कधी विचारणारा स्वतःच चाळिशीचा असतो आणि कार्डंही त्याचीच असतात. मी न्यू जर्सीत राहते आणि गेली काही वर्षं घरूनच बेसबॉल, बास्केटबॉलच्या खेळाडूंची चित्रं छापलेली, लोक जमवतात ती कार्डं विकते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

मी उलट एकच विचारते: "शेवटची दहा कार्डं केवढ्याला घेतली होती?" ज्याला हे पटकन सांगता येतं, त्याने दुकानाचा विचार जरूर करावा. ज्याला कार्ड आज केवढ्याला जातं एवढंच सांगता येतं, त्याने जरा थांबावं. नफा खरेदीतच होतो, विकताना तो फक्त हातात येतो, असं आपल्याकडचे व्यापारी म्हणतात. कार्डांच्या धंद्यात याचा पडताळा पहिल्या महिन्यातच येतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये वेबसाइट अगदी शेवटी ठेवली आहे, जरी बहुतेकांना सुरुवात तिथूनच करायची असते.

पहिली पायरी: तुम्हाला धंदा करता येतो का?

अमेरिकेत असाल तर हे सगळ्यात आधी बघा. एच-१बी व्हिसा ज्या कंपनीने काढला, तिथेच काम करायची परवानगी देतो. त्यावर राहून बाजूला स्वतःचं दुकान चालवता येत नाही. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, हातात असल्याशिवाय नाही. एफ-१ वर शिकणाऱ्या मुलांनीही यात पडू नये. घरात साठलेली आपली कार्डं कधीमधी विकणं वेगळं आणि विकण्यासाठी माल घेऊन महिनोन् महिने विकत राहणं वेगळं. ती रेघ तुमच्या बाबतीत नेमकी कुठे पडते, हे इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या घराने महिन्याच्या शंभर डॉलरसाठी हा धोका पत्करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मुलगा अठराच्या आतला असेल तर ईबेवर त्याच्या नावाने खातं निघत नाही. खातं तुमचं, म्हणजे परताव्याची भांडणं तुमची आणि करही तुमचा. सध्याच्या नियमाप्रमाणे ईबेसारखी बाजारपेठ १०९९-के हा तुमची जमा कर खात्याला कळवणारा फॉर्म वर्षाला २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार ओलांडल्यावर पाठवते. त्यामुळे "फॉर्म आला नाही म्हणजे कर नाही" असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. नफा झाला की ते उत्पन्न, फॉर्म येवो न येवो. खरेदीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवा. पावती नसेल तर तुम्ही कार्डाला मोजलेली किंमत दाखवता येत नाही आणि सगळी विक्रीच नफा धरली जाण्याची वेळ येते.

दुसरी पायरी: नेमकं काय विकणार?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारचा माल असतो: सीलबंद बॉक्स, सुटी कार्डं आणि ग्रेडिंग करून, म्हणजे स्थिती तपासून एक ते दहा ग्रेड देऊन, प्लॅस्टिकच्या डबीत बंद झालेली कार्डं, ज्यांना सगळे स्लॅब म्हणतात.

नवख्या माणसाला सीलबंद बॉक्सचा मोह होतो, कारण त्यात कार्ड ओळखावं लागत नाही. पण घाऊक भावात बॉक्स देणारे वितरक सहसा रस्त्यावरचं खरंखुरं दुकान मागतात. घरून विकणाऱ्याला तेच बॉक्स इतरांसारखे किरकोळ भावाने घ्यावे लागतात आणि वर चढा भाव लावून विकावे लागतात. शिवाय या क्षेत्राची मांडामांड सतत बदलते आहे. २०२२ च्या जानेवारीत फॅनॅटिक्स कंपनीने टॉप्स ही कार्डं काढणारी कंपनी विकत घेतली. एनबीए या बास्केटबॉल लीगची कार्डं आधी पानिनी कंपनी काढायची, ती २०२५-२६ च्या हंगामापासून टॉप्सकडे आली. कोणत्या नावाच्या बॉक्सला पुढच्या वर्षी मागणी असेल, हे मुरलेल्या दुकानदारालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. ब्रेक नावाचा प्रकार, म्हणजे थेट प्रक्षेपणात बॉक्स फोडायचा आणि ज्याने ज्या संघाचे पैसे भरले त्याला त्या संघाची कार्डं द्यायची, तो मी करत नाही. घरातल्या मुलांनाही त्यापासून लांब ठेवते, कारण भरलेल्या पैशांत हाती काय येणार ते नशिबावर असतं.

तेव्हा सुरुवात सुट्या कार्डांपासून करा. आणि इथे एक गैरसमज मुळापासून काढायला हवा: जुनं म्हणजे महाग.

टॉप्सचं १९५२ सालचं बेसबॉलपटू मिकी मॅंटलचं कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते महाग आहे ते केवळ जुनं म्हणून नाही. त्या वर्षीची शेवटच्या मालिकेची कार्डं हंगाम संपत आल्यावर बाजारात आली आणि खपली नाहीत. गोदामात पडून राहिलेला हा माल पुढे १९६० मध्ये नावेत भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवला, असं त्या कार्डांची रचना करणारे साय बर्जर सांगत. जी उरली त्यातलीही बरीच मुलांनी सायकलच्या चाकांत अडकवून, रबरबँड लावून खराब केली. सुस्थितीतली फार थोडी राहिली, म्हणून ती किंमत.

याच्या नेमकं उलट १९८७ ते १९९३ च्या सुमाराला झालं. कार्डं म्हणजे गुंतवणूक, असं लोकांच्या डोक्यात बसलं. कंपन्यांनी भरमसाट छापली आणि लोकांनी जपून ठेवली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बेसबॉल खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज ही अंतिम लढत रद्द झाली आणि उरलासुरला उत्साहही ओसरला. त्या काळातली बहुतेक कार्डं आजही कवडीमोल आहेत. सुरुवातीला एका गॅरेज सेलमधून मी लाल कडांच्या १९९० सालच्या बेसबॉल कार्डांचे चार मोठे खोके दोनशे डॉलरला आणले. तीस वर्षांपूर्वीची, एकही कोपरा दुमडलेला नाही, मला वाटलं घबाड मिळालं. रात्री जेवणं झाल्यावर ईबेवर एकेक नाव टाकून बघत बसले. शंभर कार्डांचा गठ्ठा पाच डॉलरला, तोही पोस्टेजसकट. त्यातले दोन खोके आजही माझ्या तळघरात आहेत. तळघरात ठेवायचंच असेल तर दमट हवा काढणारं यंत्र लावा. चकचकीत क्रोम कार्डं दमटपणाने धनुष्यासारखी वाकतात आणि वाकलेलं कार्ड गिऱ्हाईक परत पाठवतं.

एक खेळ, एक काळ आणि शक्यतो दोन-तीन संघ निवडा. मला न्यूयॉर्कच्या यांकीज आणि मेट्स या बेसबॉल संघांची १९७५ ते १९८६ मधली कार्डं कळतात, कारण इथल्या कार्ड शोमध्ये, म्हणजे कार्डांच्या बाजारात, तीच जास्त येतात आणि घेणारेही आजूबाजूचेच असतात. तुम्ही शिकागोत असाल तर गणित वेगळं असेल. खेळाचं वेळापत्रक हे या दुकानाचं पंचांग आहे. अमेरिकन फुटबॉलची कार्डं फेब्रुवारीत सुपर बोल संपला की थंडावतात आणि सप्टेंबरच्या तोंडावर पुन्हा वर जातात. बेसबॉलचा उठाव मार्चअखेरीस सुरू होतो. ज्याला एप्रिलमध्ये फुटबॉल घेऊन ऑगस्टपर्यंत गप्प बसता येतं, त्याचं भांडवल कमी असलं तरी चालतं.

चढत्या भावाच्या मागे मात्र धावू नका. १९८६-८७ च्या फ्लीअर मालिकेतलं मायकल जॉर्डनचं दहा ग्रेडचं कार्ड २०२१ च्या जानेवारीअखेर ७,३८,००० डॉलरला विकलं गेलं. पुढच्या वर्षी तेच कार्ड दोन लाखांच्या आसपास आलं. जॉर्डनने काही खेळ सोडला नव्हता, तो तर कधीच निवृत्त झाला होता. महासाथीत घरी बसलेल्या लोकांचा पैसा आला आणि गेला, एवढंच.

आपली मंडळी हमखास विचारतात, क्रिकेटची कार्डं विकू का? लहानपणी ट्रम्प कार्डांवरच्या धावा आणि बळी आपण तोंडपाठ केले आहेत, त्यामुळे मायाही आहे. माझा अनुभव असा की अमेरिकेत सचिनचं कार्ड घेणारं गिऱ्हाईक भेटतं, आणि भेटलं की घासाघीसही करत नाही, पण ते तीन-चार महिन्यांतून एकदा भेटतं. पाच-दहा कार्डं हौसेने ठेवा, दुकान त्यावर उभं राहणार नाही.

तिसरी पायरी: एका कार्डाचा हिशेब मांडा

ही पायरी कागद-पेन घेऊनच करा. समजा कार्ड २० डॉलरला विकलं आणि पोस्टेजचा १ डॉलर गिऱ्हाइकाकडून घेतला. ईबे या प्रकारच्या मालावर सव्वातेरा टक्के घेतं आणि ते टक्के विक्री कर धरून झालेल्या एकूण रकमेवर लागतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर धरला तर एकूण २२.३९ डॉलर. त्यावर २.९७ आणि वर ऑर्डरमागचे ४० सेंट मिळून ३.३७ गेले. टपाल अंदाजे १ डॉलर, पाकीट-प्लॅस्टिक ३५ सेंट. तुमच्या २१ डॉलरमधून हातात राहिले १६.२८.

आता खरेदी. ते कार्ड १२ डॉलरला घेतलं असेल तर सुटले ४.२८. पण शोमध्ये कार्ड आवडलं, विकणाऱ्याशी गप्पा रंगल्या आणि १६ ला घेतलं, तर सुटले २८ सेंट. फोटो काढणं, माहिती लिहिणं, पाकीट बांधणं, पोस्टात टाकणं यात पंधरा-वीस मिनिटं जातात. एवढ्या कष्टाचे २८ सेंट. म्हणून मी चालू भावाच्या साठ टक्क्यांच्या वर कधी जात नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो. तीन डॉलरच्या कार्डाचं गणित याहून अवघड असतं. ते एक डॉलरला घेतलं तरी पाऊण डॉलरच्या आसपासच सुटतो, तेव्हा अशी स्वस्त कार्डं पाच-सहा एकत्र करून विका.

चालू भाव कसा बघायचा? ईबेवर शोध घेतल्यावर 'विकले गेलेले' एवढेच निकाल दाखवा अशी सोय आहे. तोच भाव खरा. कुणी दुकानात पाचशेची चिठ्ठी लावली म्हणून कार्ड पाचशेचं होत नाही. शेवटच्या पाच विक्री बघा, त्यातली सगळ्यात वरची सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी धरा. कार्ड शोमध्ये टेबलापुढे उभं राहून फोनवर हे बघायला कुणी हरकत घेत नाही. विकणारेही तेच करत असतात.

चौथी पायरी: पन्नास कार्डांची चाचणी

नवा माल न घेता घरातली पन्नास कार्डं निवडा. पाच डॉलरपासून चाळीसपर्यंतची, वेगवेगळ्या भावांची. ईबेच्या साध्या खात्यावर लावा आणि स्वतःला नव्वद दिवस द्या.

लावण्याआधी प्रत्येक कार्ड टेबललॅम्पखाली आडवं धरून फिरवा. सरळ बघताना जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात दिसतं: पृष्ठभागावरचा केसाएवढा ओरखडा, कोपऱ्यावर उघडी पडलेली पांढरी कड, छपाईची रेघ. मग चारही बाजूंच्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या आहेत का ते बघा. नेहमीचं कार्ड अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच असतं. खात्रीच्या दुसऱ्या कार्डावर ठेवून ते किंचित आखूड वाटलं, तर कुणीतरी कडा नीट दिसाव्यात म्हणून ते कापलेलं असू शकतं. जॉर्डनच्या त्या फ्लीअर कार्डाच्या बनावट प्रती तर इतक्या फिरतात की स्लॅबमध्ये नसेल तर मी ते हातातही घेत नाही. फोटो दोन्ही बाजूंचे, गडद कापडावर, खिडकीच्या उजेडात काढा. दोष असेल तर स्वतःहून लिहा: 'उजवा खालचा कोपरा किंचित दबलेला.' दोष लिहिला म्हणून एखाद-दोन डॉलर कमी येतील, पण कार्ड परत येणार नाही.

बांधणी नीट शिका. आधी पातळ प्लॅस्टिकची पेनी स्लीव्ह, मग कडक प्लॅस्टिकचा टॉप लोडर, मग ते सगळं मावणारी टीम बॅग ही पिशवी आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा. टॉप लोडरचं तोंड साध्या चिकटपट्टीने बंद करू नका. पहिल्याच महिन्यात मी ते केलं. गिऱ्हाइकाने कार्ड ओढून काढताना पट्टीचा चिकटा वरच्या कडेला लागला आणि ३५ डॉलर परत द्यावे लागले. तेव्हापासून निळी पेंटर टेप वापरते आणि तिचं एक टोक दुमडून ठेवते, म्हणजे घेणाऱ्याला ती नखाने खरवडावी लागत नाही. २० डॉलरपर्यंतच्या कार्डांसाठी ईबेचं माग लावता येणारं स्वस्त पाकीट चालतं. त्याच्या वर बबल मेलर, म्हणजे आतून हवेच्या फुग्यांचं अस्तर असलेलं पाकीट, आणि पूर्ण ट्रॅकिंग. महागडं कार्ड असेल तर पाकिटात घालतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. वेगळंच कार्ड परत पाठवणारे लोक थोडे असतात, पण असतात.

वहीत प्रत्येक कार्डापुढे पाच गोष्टी लिहा: घेतलं कधी, घेतलं केवढ्याला, विकलं कधी, हातात काय राहिलं आणि किती मिनिटं गेली. जुनं कार्ड असेल आणि खरेदीचा भाव आठवत नसेल तर आज ते शोमध्ये केवढ्याला मिळेल तो आकडा टाका.

ग्रेडिंगचा मोह

पीएसए ही कंपनी १९९१ पासून कार्डांना एक ते दहा ग्रेड देते. बेकेट, एसजीसी, सीजीसी याही आहेत. दहा ग्रेडचं कार्ड सुट्या कार्डाच्या कितीतरी पट भावाने जातं, म्हणून नवखे लोक गठ्ठाच्या गठ्ठा पाठवतात. कार्डामागे पंचवीस डॉलरच्या आसपासपासून पुढे फी, जाण्या-येण्याचं टपाल, विमा आणि मुख्य म्हणजे अडकलेला वेळ. २०२१ च्या मार्चअखेर पीएसएकडे एवढी कार्डं साचली की त्यांनी नेहमीच्या सेवा थांबवल्या आणि अनेकांचं भांडवल महिनोन् महिने अडकून पडलं. माझा नियम असा: हिशेब नऊ ग्रेड धरून करा. नऊ मिळूनही खर्च निघत असेल तर पाठवा. दहा मिळालं तरच परवडतं असं कार्ड तसंच सुटं विकून टाका.

पाचवी पायरी: स्वतःची वेबसाइट

वेबसाइटवर तेरा टक्के वाचतात, हे खरं. पण शॉपिफायसारख्या ठिकाणी दरमहा तीस-चाळीस डॉलर जातात, पैसे घेण्याचे तीन टक्क्यांच्या आसपास वेगळे आणि गिऱ्हाईक आणायचं काम तुमचं. ईबेवर माणूस कार्ड शोधायलाच आलेला असतो, तुमच्या साइटचं नाव त्याला कोण सांगणार? शिवाय विक्री कर. ईबेवर तो ईबेच गोळा करून भरतं. स्वतःच्या साइटवर तुमच्या राज्यात पहिल्या विक्रीपासून नोंदणी आणि भरणा तुमच्याकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर दुसऱ्या राज्यांतही विक्री ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तिथलाही कर लागू होतो.

महिन्याला दीड-दोनशे ऑर्डर आणि त्यातले तिसरा हिस्सा पुन्हा पुन्हा येणारे लोक, एवढं झालं की वेबसाइट काढा. तोवर प्रत्येक पाकिटात तुमच्या नावाची चिठ्ठी आणि दोन ओळी हाताने लिहून टाका. माझे नेहमीचे निम्मे गिऱ्हाईक त्या चिठ्ठीने जोडलेले आहेत. घराच्या विम्यात धंद्याचा माल सहसा धरत नाहीत, तेव्हा साठा काही हजारांच्या वर गेला की विमावाल्याला फोन करून विचारा.

नव्वदाव्या दिवशी

वही उघडा. हातात राहिलेल्या रकमेची बेरीज करा, त्यातून खरेदी वजा करा, उरेल त्याला तासांनी भागा. तासाला दहा-बारा डॉलर पडत असतील आणि पन्नासातली तीस गेली असतील, तर पुढचे नव्वद दिवस पाचशे डॉलरचं भांडवल घालून चालू ठेवा. तेही बाजूला ठेवलेले पाचशे, क्रेडिट कार्डावरचे नाहीत. तासाला तीन-चार डॉलर पडत असतील तर दुकान काढू नका. छंद चालू ठेवा, एकाच्या दोन झालेली कार्डं अधूनमधून विका, त्यातून नवी घ्या. मुलासाठी करत असाल तर त्याला ही भागाकाराची ओळ स्वतःला लिहू द्या.

न विकली गेलेली कार्डं वेगळी काढा आणि त्यांच्यापुढचा खरेदीचा आकडा बघा. माझ्या पहिल्या पन्नासात सतरा उरली होती. त्यातली बारा मी चालू भावाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांना घेतलेली होती, म्हणून भाव उतरवायला जागाच नव्हती. ती सगळी मी पुढच्या कार्ड शोमध्ये एका टेबलवाल्याला एकगठ्ठा ११० डॉलरला दिली, तोटा सोसून. ते पैसे घेऊन त्याच सभागृहात मागच्या रांगेत गेले. एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते आणि खोक्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, '१९७८ मेट्स.'